'वडील गुन्हेगार' या दोन शब्दांवर थांबू नकोस

अनेक उत्तम आशीर्वाद.

परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) म्हणून आता बाल न्याय मंडळासाठी, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणं पाहणाऱ्या मंडळासाठी, सामाजिक तपासणी अहवाल तुला लिहावे लागतील; मुलाच्या घरची आणि भोवतालची माहिती त्यात द्यायची असते. मुदत दोन आठवड्यांची. घरातल्या कुणावर गुन्हे आहेत का, हे विचारणारा रकाना त्यात असतो. तो सर्वांत घाईने भरला जातो, आणि मुलाचं सर्वांत जास्त नुकसान तिथेच होतं.

गुन्ह्यांकडे कोण वळतं हे पाहणारा, दक्षिण लंडनमधल्या 411 मुलग्यांचा अभ्यास 1961 मध्ये सुरू झाला, तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. वडिलांना शिक्षा झालेल्यांपैकी 63 टक्के मुलगे पुढे स्वतः दोषी ठरले, बाकीच्यांपैकी 30 टक्के. संबंध खरा आहे, तो नाकारू नकोस. पण बापाने मुलाला चोरी शिकवली, असं मात्र दिसलं नाही. उलट मुलाने गुन्हा केलेला अशा बापांनाही खपत नव्हता. जोडीने गुन्हे झाले ते भावाभावांत. म्हणून बापाइतकीच मोठ्या भावाची चौकशी कर.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. याच अभ्यासात मुलांनी स्वतः सांगितलेले गुन्हे सारखे असले, तरी शिक्षा झालेल्या पालकांची मुलं जास्त दोषी ठरत. यंत्रणेची नजर आधीच त्या घरावर असते. जन्मावरून जमातच गुन्हेगार ठरवणारा 1871 पासूनचा कायदा आपल्याकडे 1952 मध्ये रद्द झाला; कैकाडी, भामटा, कंजारभाट वस्त्यांवरचा संशय त्याच्याबरोबर गेला नाही. म्हणून नोंद नेमकी कर: नुसती अटक की शिक्षा, कोणत्या गुन्ह्यात, आणि तेव्हा मूल किती वर्षांचं होतं. मूल जन्मण्याआधीची शिक्षा आणि त्याच्या आठव्या वर्षी बाप तुरुंगात जाणं, यांत मोठा फरक आहे.

'पालक विभक्त' एवढ्यानेही काही कळत नाही. त्याच लंडनच्या अभ्यासात मोडलेल्या घरांतली 29 टक्के मुलं गुन्ह्यांकडे वळली, एकत्र पण सतत भांडणाऱ्या घरांतली 28, आणि सलोख्याच्या घरांतली 18. घर मोडलं तरी आईजवळ राहिलेल्या मुलांची स्थिती सलोख्याच्या घरांतल्यांसारखीच होती. तेव्हा विचार: मूल कुणाजवळ राहतं? किती घरं बदलली? संध्याकाळी ते कुठे असतं, हे घरात कुणाला ठाऊक असतं?

तुरुंगवासाचं वेगळं लिही. लंडनमध्ये पालक तुरुंगात गेल्याने ताटातूट झालेल्या मुलांचं पुढे जे झालं, ते पालकाच्या मृत्यूमुळे किंवा इस्पितळामुळे दुरावलेल्यांपेक्षा वाईट होतं. स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या अशाच अभ्यासात पालकाची गुन्हेगारी हिशेबात धरल्यावर तुरुंगवासाचा वेगळा परिणाम उरला नाही. तिथल्या कमी मुदतीच्या शिक्षा आणि कुटुंबाला मिळणारा आधार यांमुळे असं झालं असावं, असं अभ्यासकांना वाटतं. मला हा सगळ्यात आशेचा धागा वाटतो, कारण इथे तुला काही करता येतं.

शिफारशीत म्हणून हे असू दे: बाप आत असताना घर कोण चालवतं, मुलाची शाळा सुटली आहे का, त्याला खरं काय सांगितलंय, तुरुंगात बापाच्या भेटीला नेणारं कुणी आहे का, आणि बालसंगोपन योजनेचा (मुलाच्या सांभाळासाठी सरकारी मदतीचा) अर्ज करता येईल का. आजी सांभाळत असेल तर तिच्या तब्येतीचीही नोंद घे.