होंडा सिटी १.५ ला ॲडजस्टेबल कॅम गिअर लावला तर पॉवर किती वाढेल? घरी लावता येईल का?

प्रश्न वाचला आणि जुनी खपली निघाली, त्यामुळं उत्तर लांबणार आहे, आधीच सांगतो. नवख्यांसाठी एवढंच: कॅम म्हणजे व्हॉल्व उघडमीट करणारा दांडा, तो टायमिंग बेल्टनं क्रँकवरनं (पिस्टननं फिरणाऱ्या मुख्य दांड्यावरनं) फिरतो, आणि ॲडजस्टेबल गिअर म्हणजे कॅमच्या टोकाचं असं चाक की ज्यानं कॅम थोडा पुढंमागं सरकवता येतो.

किती पॉवर वाढेल? हेड (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात व्हॉल्व आणि कॅम बसतात) कधी उघडलेलं नसेल आणि कॅम कंपनीचाच असेल तर सांगण्यासारखं काही वाढणार नाही. ज्यानं तुम्हाला आठ-दहा हॉर्सपॉवर सांगितलेत त्याला गिअर विकायचा असणार. आपलं, म्हणजे जुन्या बेल्टवाल्या सिटीचं, इंजिन सिंगल कॅमचं. इनटेक आणि एक्झॉस्टचे लोब (व्हॉल्व दाबणारे उंचवटे) एकाच दांड्यावर, ते एकमेकांपासून लांब-जवळ करता येत नाहीत, सरकवायचा तर अख्खा दांडा पुढं नाहीतर मागं. पुढं घेतला, म्हणजे ॲडव्हान्स केला, की इनटेक व्हॉल्व लवकर मिटतो, खालच्या आरपीएमला ओढ येते आणि वरचा दम कमी होतो. मागं घेतला की उलटं. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर, बाकी काही नाही. डबल कॅमवाल्यांची गोष्ट वेगळी, त्यांना दोन गिअर असतात, ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व एकदम उघडे असायचा काळ) कमीजास्त करता येतो, तिथं खेळायला खरोखर जागा आहे.

मग मी का लावला? सांगतो.

माझी सिटी १९९९ची, १.५, मी घेतली तेव्हा तिसरा मालक. २०१० च्या उन्हाळ्यात रेडिएटरचा होज फाटला, माझं लक्ष गाण्यात, काटा लालमध्ये गेलेला दिसला तोवर गॅस्केट गेलं होतं. चूक शंभर टक्के माझी. कोल्हापुरात हेड बेंड झालं की माणूस उद्यमनगर गाठतो, अर्ध्या दिवसात फेसिंग मारून (तळ मशीनवर कापून सपाट करून) मिळतं. मी पण मारून आणलं. मिस्त्रींनी बसवलं, गाडी चालू, आवाज गोड, पाणी गरम नाही, पण गाडी ओढेना. म्हणजे शाहूपुरीतनं फिरायला काही तक्रार नाही, पण तिसऱ्या गिअरला दोन हजारावर पाय दिला की आधी विचार करायची, मग जायची. मिस्त्रींना तीनदा दाखवलं. तिन्ही वेळा कव्हर काढून त्यांनी मला कॅम गिअरवरचा टायमिंगचा मार्क दाखवला, 'हे बघा जुळलाय, केसभर इकडंतिकडं चालतंय.'

त्या केसभरातच सगळं होतं, पण ते मला वर्षभरानं कळलं. २०११ मध्ये ऑइल लीकसाठी हेड परत उतरवलं तेव्हा मी स्वतः व्हर्नियर लावला. या इंजिनाच्या हेडची उंची ९३ मिमी असते आणि फेसिंगला मुभा फक्त ०.२ मिमीची. माझं भरलं ९२.२. म्हणजे ०.८ उडालेलं. आधीच्या दोन मालकांपैकी कुणीतरी एकदा नक्की मारलेलं असणार, वर माझं.

आता हेड तेवढं खाली आलं की क्रँक आणि कॅममधलं अंतर कमी होतं, बेल्टची ओढणारी बाजू तेवढी आखूड होते, जे उरतं ते ढिल्या बाजूला टेन्शनर (बेल्ट ताणणारी पुली) गोळा करतो आणि कॅम तेवढा मागं राहतो. कॅम गिअरचा घेर दोरा लावून मोजा, छत्तीस सेंमीच्या आसपास भरेल. म्हणजे बेल्टचा एक मिमी म्हणजे कॅमचा साधारण एक अंश, आणि कॅम अर्ध्या स्पीडनं फिरतो म्हणून क्रँकचे दोन. माझा कॅम क्रँकच्या हिशोबानं दीडेक अंश मागं पडलेला. बेल्टचा एक दात पुढं बसवून हे सुधारत नाही, कारण एक दात म्हणजे क्रँकचे अठरा-एकोणीस अंश, मग गाडी नीट चालणार नाही, वर व्हॉल्व आणि पिस्टनच्या गळाभेटीची भीती. ॲडजस्टेबल गिअरचं खरं काम हे आहे. कापलेल्या हेडची भरपाई.

हे मी जेवताना आमच्या दाजींना सांगितलं. दाजी पुण्याला एका मोठ्या कार कंपनीत क्वालिटीला होते, हुशार माणूस, पण कंपनी म्हणलं की हात जोडणार. म्हणाले, 'हजारो तास टेस्ट करून ते टायमिंग ठरवलेलं असतं, तू दोरा लावून बदलणार?' मी म्हणलं, दाजी, ते टायमिंग ९३ मिमीच्या हेडला ठरवलंय, माझ्याकडं तसलं हेडच राहिलं नाही. तर म्हणे, 'मार्क जुळतोय ना? मग झालं.' ताईनं विषय बदलला, आमटी वाढली.

मी हट्टानं गिअर मागवला. सिंगापूरहून येणाऱ्या एका मित्राच्या बॅगेतनं आला, निळा, ॲल्युमिनियमचा, साडेसहा हजार रुपये तेव्हाचे. नवीन बेल्ट, टॅपेट (व्हॉल्वची फट) सेट, एका रविवारी घरच्या शेडमध्ये बसवला आणि ०.८ मिमीच्या भरपाईला कॅमचा ०.८ अंश द्यायचं सोडून दिले +२. का? हाव, दुसरं काय. गाडी अशी उचलली की सांगता सोय नाही. मी लगेच दाजींना फोन केला, आणि ती दुसरी चूक.

मे महिना होता. सगळे मिळून देवगडला गेलो, येताना डिकीत हापूसच्या पेट्या, गाडीत पाच माणसं, एसी चालू आणि वैभववाडीतनं करूळ घाट चढायला लागलो. दाजी पुढच्या सीटवर. तिसऱ्या वळणाला मी मुद्दाम गिअर न बदलता तिसऱ्यातच पाय दाबला, दाखवायला. आणि पत्र्याच्या डब्यात वाळू घालून हलवावी तसा आवाज सुरू झाला. खडखडखड. पाय काढला की बंद, दाबला की चालू. दाजी काही बोलले नाहीत. खिडकीची काच खाली केली, कान बाहेर काढला, परत काच वर केली. गगनबावड्याला चहाला थांबलो तेव्हा कप हातात घेऊन फक्त एवढं म्हणाले, 'निळा गिअर बोलतोय वाटतं.' त्या दिवसापासून आमच्यात प्रत्येक लग्नाला, बारशाला, कुठं मिक्सर खडखडला तरी निळा गिअर बोलतोय.

तर दाजी, हे वाचत असाल तर ऐका. तो गिअर बोलत नव्हता, माझा गाढवपणा बोलत होता. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) कॅमच्याच टोकाला बसतो. कॅम दोन अंश पुढं घेतला की डिस्ट्रिब्युटर पण तेवढाच पुढं, म्हणजे इग्निशन (ठिणगीची वेळ) क्रँकचे चार अंश आपोआप ॲडव्हान्स. मी कॅम हलवला आणि इग्निशनला टायमिंग लाईट (ठिणगीची वेळ दाखवणारा दिवा) लावलाच नाही. भरल्या गाडीत, मे महिन्यात, चढाला, हेड कापून कॉम्प्रेशन आधीच वाढलेल्या इंजिनात नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकून ठोके) नाही होणार तर काय होणार. घरी येऊन सर्व्हिस कनेक्टर जंपर केला (त्याच्या दोन पिना तारेनं जोडल्या), लाईट लावला, डिस्ट्रिब्युटर मागं फिरवून मॅन्युअलच्या आकड्यावर आणला, कॅम +१ वर ठेवला. आवाज गेला तो गेला. नंतर तोच घाट तेवढ्याच वजनानं तिसऱ्यात चढलो, पण तेव्हा दाजी गाडीत नव्हते, हीच तर बोंब आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, घरी लावता येईल का. टायमिंग बेल्ट स्वतः बदललेला असेल तर येईल. नसेल तर पहिला प्रयोग याच्यावर करू नका.

बेल्ट कसा काढायचा ते सांगत बसत नाही. जिथं लोक फसतात तेवढंच सांगतो. हे इंजिन बेल्टच्या बाजूनं बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, बाकीच्या बऱ्याच गाड्यांची सवय असलेला मिस्त्री हमखास उलटं फिरवतो. टेन्शन लावताना क्रँक त्याच उलट्या दिशेनं कॅमच्या तीन दातांइतका फिरवायचा आणि मग टेन्शनरचा बोल्ट ढिला करून परत आवळायचा. गिअर आधी शून्यावर बसवा, गाडी चालवून बघा, मग हलवा. पहिल्याच दिवशी +२ देणारे माझ्यासारखे असतात. गिअरवरच्या खुणा कॅमच्या अंशात आहेत की क्रँकच्या ते डबीवरचं वाचून ठरवा, नाहीतर दुप्पट हलवून बसाल. टॅपेट त्याआधी सेट हवेत, इंजिन थंड असताना इनटेक ०.१८ ते ०.२२, एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७ मिमी, कारण टॅपेट ढिले असले तर व्हॉल्व उशिरा उघडतो आणि तुम्ही भलत्याच गोष्टीला ट्यून करत बसता. प्रत्येक बदलानंतर प्लग काढून हातानं क्रँकचे दोन पूर्ण फेरे, कुठं अडलं तर जोर करायचा नाही. मग टायमिंग लाईट. प्रत्येक वेळी. करूळ घाट आठवा.

गिअरचे छोटे ॲलन बोल्ट थ्रेडलॉक लावून, थोडे थोडे करत समोरासमोरचे आवळा आणि पेनानं रेघ मारून ठेवा. पाचशे किलोमीटरनं रेघ जुळते का बघा. हे बोल्ट ढिले झाले तर कॅम चालत्या गाडीत सरकतो. आणि वरचं कव्हर बसत नाही, बोल्टची डोकी लागतात. लोक कव्हर काढून तशीच गाडी फिरवतात, दिसायला भारी वाटतं, पण आपल्या रस्त्यांची माती बेल्टमध्ये जाते आणि ॲल्युमिनियमचे दात खाते. मी कव्हरला आतनं जागा करून परत बसवलं, निळा रंग कुणाला दिसत नाही, न दिसू दे.

डायनो (गाडीची पॉवर मोजायचं मशीन) जवळ असेल तर एक-एक अंशानं बदलून प्रत्येक सेटिंगला तीन रन घ्या, एका रनवर विश्वास ठेवू नका. नसेल तर एकच सपाट रस्ता, एकच गिअर, दोन हजार ते पाच हजार आरपीएमला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर शूट करून मोजा, दोन्ही दिशांनी. 'वाटतंय' या शब्दावर ट्यूनिंग करायचं नाही.

आता प्रामाणिकपणे दोन गोष्टी, ज्या मी दाजींसमोर कधी बोललो नाही. एक, त्या रविवारी मी बेल्ट, टॅपेट आणि गिअर सगळं एकदम बदललं, त्यामुळं गाडी सुधारली त्यातलं किती श्रेय गिअरचं आणि किती टॅपेटचं हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पहिल्या दिवशीचा तो जबरदस्त पिकअप तर बराचसा चुकून वाढलेल्या इग्निशनचाच असणार, कारण +१ वर तसला झटका नाही, नुसती शहाणी गाडी आहे. दोन, हेड कापलेलं असेल तर पिस्टन आणि व्हॉल्वमधली जागा आधीच कमी झालेली असते. ॲडव्हान्स केला की इनटेक व्हॉल्व पिस्टनच्या आणखी जवळ येतो, रिटार्ड केला की एक्झॉस्ट. हेड निघालेलंच असेल तर पोरांची क्ले पिस्टनवर थापून, जुनं गॅस्केट घालून, एकदा फिरवून जागा मोजा. मी मोजली नव्हती. वाचलो, पण म्हणून तुम्ही पण वाचालच असं नाही.

तुमच्या गाडीचं हेड कधी उतरलंय का ते प्रश्नात लिहिलेलंच नाही. आधीच्या मालकाला विचारा, त्याला आठवत नसेल तर पुढं कधी हेड निघेल तेव्हा उंची मोजून इथं खाली टाका, मग +१ का +दीड ते बघू. ९३ भरलं तर गिअर मागवू नका, त्या पैशात वॉटर पंप आणि चारही होज बदलून घ्या.