आठवीच्या मुलांना राष्ट्रीय उद्यानात नेल्याने खरोखर काही शिक्षण होते का?

आपल्या मुलीची शाळा आठवीच्या वर्गाला बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात नेणार आहे, आणि त्यापायी अभ्यासाचा एक दिवस खर्ची घालावा इतके त्यातून काही शिकायला मिळते का, असे आपण विचारले आहे. मी मुंबईतल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवते आणि अनेक वर्षे वर्गांना घेऊन तेथे जात आले आहे. शिकायला पुष्कळ मिळते, मात्र दिवसभरात काय पाहायचे हे शिक्षकांनी आधी ठरवलेले असावे लागते. नुसती सफारीची बस आणि डबे एवढाच बेत असेल, तर आपली शंका रास्त आहे.

मी सुरुवात नेहमी पाण्यापासून करते. सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या या जंगलात विहार आणि तुळशी हे दोन तलाव आहेत. विहार 1860 मध्ये आणि तुळशी 1879 मध्ये पूर्ण झाला, आणि मुंबईला आजही त्यांचे पाणी मिळते. विहार भरून वाहू लागला की ते पाणी मिठी नदीत जाते, तर दहिसर नदीचा उगम तुळशीच्या परिसरात होतो. मुलांनी मिठी पाहिलेली असते ती कुर्ल्याच्या पुलावरून, काळी आणि कचऱ्याने भरलेली. 26 जुलै 2005 च्या पुराच्या गोष्टी त्यांनी घरी ऐकलेल्या असतात. त्या नदीचे पाणी अशा डोंगरझाडीतून येते हे कळल्यावर जलविभाजक, पाणलोट क्षेत्र हे पुस्तकातले शब्द वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. तेथून कान्हेरीला जावे. शंभराहून अधिक लेण्यांच्या या समूहात जवळजवळ प्रत्येक लेण्यापाशी पाण्याची पोढी, म्हणजे कातळात खोदलेली टाकी, आहे, आणि डोंगरावरचे पावसाचे पाणी तिच्यात उतरावे म्हणून कातळात पन्हळी खोदलेल्या आहेत. कल्याण, सोपारा अशा ठिकाणच्या दात्यांची नावे तेथील शिलालेखांत आढळतात. भूगोल आणि इतिहास हे दोन वेगळे तास आहेत, याचा तेथे मुलांना विसर पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे एका जागी थांबून पाहणे. पावसाळा सरता सरता पायवाटांच्या कडेला जायंट वुड स्पायडर या मोठ्या कोळ्याची जाळी दिसतात. तिरप्या उन्हात त्यांचे धागे सोनेरी पिवळे चमकतात. मधोमध बसलेली मादी पाय पसरले की तळहाताएवढी भरते, आणि त्याच जाळ्यावर एक इवलासा तांबूस कोळी असतो. ते तिचे पिल्लू असणार, असे मुले हमखास म्हणतात. तो नर आहे असे सांगितले की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते: तो एवढा लहान का, ती त्याला खात कशी नाही, तो खातो काय? वर्गात एरवी हात वर न करणारी मुलेही त्या वेळी विचारत असतात, आणि शिक्षकाने लगेच उत्तर न देता त्यांना आणखी थोडा वेळ पाहू द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

कारवीचे झुडूप मी न चुकता दाखवते. ते सात वर्षे नुसते वाढते, आठव्या वर्षी सगळ्या डोंगरउतारावर एकदम फुलते, बी धरते आणि मरते. येथे ती 2008, 2016 आणि 2024 मध्ये फुलली. पाड्यांवरच्या घरांचे कूड याच कारवीच्या काठ्यांचे, वरून माती आणि शेण लिंपलेले.

पाड्यांचा विषय निघाला की तो टाळू नये. वारली कुटुंबे या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत आणि वाघोबाला पूजतात. दुसरीकडे 1997 मध्ये उच्च न्यायालयाने येथील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. जंगलावर हक्क कोणाचा आणि त्याचे रक्षण कोणी, कसे करायचे, यावर तेरा-चौदा वर्षांची मुले विलक्षण गांभीर्याने बोलतात, हे मी पाहिले आहे. बिबट्याची भीतीही येथेच नीट समजते. वस्तीच्या कडेला उघडा कचरा साठतो, त्यावर भटकी कुत्री वाढतात आणि बिबट्या त्या कुत्र्यांमागे येतो, ही साखळी उलगडली की आपल्या सोसायटीच्या कचऱ्याचे काय करायला हवे, हे मुले स्वतःच सांगू लागतात.

तेव्हा मुलीला अवश्य पाठवा, पण त्याआधी शाळेकडे काही चौकशी करा. वीस-पंचवीस मुलांमागे एक जाणकार माणूस असेल का? सगळा दिवस बसमध्ये न जाता निदान दोन तास पायी चालणे होईल का? वही-पेन्सिल सोबत ठेवायला सांगितली आहे का, आणि परतल्यावर त्या नोंदींवर वर्गात एखादा तास दिला जाणार आहे का? दिवस ठरवण्याची मुभा असेल तर पावसाळ्यानंतरचा, ऑक्टोबरच्या आसपासचा सुचवा, आणि सोमवार टाळायला सांगा. त्या दिवशी उद्यान बंद असते.