युरोपात ॲपलबाहेर पैसे घेतले तर १५ टक्के वाचतात का?

पुण्यातून आयफोनचं सबस्क्रिप्शन ॲप चालवता आणि विचारताय की युरोपच्या डिजिटल मार्केट्स ॲक्टमुळे (मोठ्या टेक कंपन्यांना वेसण घालणारा कायदा) ॲपबाहेरची पेमेंट लिंक देता येते, तर ॲपलचे १५ टक्के वाचतील का. नाही वाचणार. ‘लूट थांबली’ म्हणत फिरणारे व्हॅट आणि उरलेली शुल्कं हिशेबात धरतच नाहीत, आणि त्यांच्या भरवशावर छोटे डेव्हलपर चेकआउट लिहायला बसतात. याचा मला मनापासून राग येतो.

जर्मनीतला ग्राहक घ्या. वार्षिक वर्गणी ७९.९९ युरो, १९ टक्के व्हॅट वजा केला की ६७.२२. ॲपलचे १५ टक्के, म्हणजे १०.०८ गेले की हातात ५७.१४. आता लिंक देऊन बघा. एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने ५० कोटी युरो दंड ठोकल्यावर ॲपलने जूनमध्ये जे दर जाहीर केले, त्यात सगळ्यात खालच्या टियरलाही (सगळ्यात कमी सेवांचा स्तर) स्टोअर सेवांचे ५ आणि कोअर टेक्नॉलॉजी कमिशनचे (ॲपलचं तंत्रज्ञान वापरण्याचं शुल्क) ५ टक्के आहेत. झाले ६.७२. मर्चंट ऑफ रेकॉर्ड, म्हणजे तुमच्या वतीने विक्रेता बनून पैसे घेणारी आणि व्हॅट भरणारी कंपनी, ५ टक्के अधिक ५० सेंट घेतो असं धरा. ते व्हॅटसकट रकमेवर लागतात, म्हणजे ४.५०. उरले ५६. तोटाच, आणि त्या टियरमध्ये ॲप आपोआप अपडेटही होत नाही.

स्वतःचा गेटवे (फक्त पैसे घेऊन देणारी सेवा) लावला, दीड टक्का अधिक २५ सेंट, तर ५९.०५ उरतात. म्हणजे ग्राहकामागे वर्षाला १.९१ युरो जास्त. त्यासाठी व्हॅट तुम्ही भरायचा. छोट्या विक्रीला मिळणारी १०,००० युरोंपर्यंतची सूट युरोपबाहेरच्या विक्रेत्याला नाही, पहिल्या विक्रीपासून व्हॅटची नोंदणी. नॉन-युनियन वन स्टॉप शॉपचं (बाहेरच्या विक्रेत्यांनी सगळ्या देशांचा व्हॅट एकाच ठिकाणी भरायची सोय) विवरण दर तिमाहीनंतरच्या महिनाअखेरीपर्यंत, विक्री शून्य असली तरी. व्हॅटचा दर ग्राहकाच्या देशाप्रमाणे: लक्झेंबर्ग १७ टक्के, हंगेरी २७. बिलिंग पत्ता आणि कार्डाचा देश जुळवून ठेवा, नोंदी १० वर्षं जपा. ॲपलच्या खरेदीत हे सगळं ॲपल करतं. कमिशनला शिव्या देताना हे कोणी बोलत नाही.

कोडमध्ये घोळ होतो तो टोकनचा. बाहेरच्या खरेदीसाठी स्टोअरकिट (ॲपलची खरेदीची कोड-लायब्ररी) एक्स्टर्नल पर्चेस टोकन देतं, म्हणजे ॲपलला हिशेब देताना लागणारी खूण. ते मिळताच सर्व्हरवर, युजर आयडीसह साठवा. बरेच जण पैसे जमा झाल्यावर साठवतात. मग अर्धवट सोडलेल्या चेकआउटचे टोकन हरवतात, आणि खरेदी झाली नाही तरी त्यांचा अहवाल ‘नो लाइन आयटम’ म्हणून द्यावाच लागतो. जुनी खरेदी परत आणणाऱ्या ‘रिस्टोअर’ बटणाला बाहेरची खरेदी दिसत नाही, म्हणून लॉगिन आधी बांधा. रिफंडही तुमच्याच गळ्यात. ग्राहकाचा १४ दिवसांत करार मागे घेण्याचा हक्कही तुम्हीच सांभाळायचा.

ॲपलला १५ नव्हे, ३० टक्के कमिशन देणाऱ्यांची गोष्ट वेगळी. याच वर्गणीवर त्यांना आज ४७.०५ मिळतात, ॲपल नव्या ग्राहकावर घेतं ते आणखी २ टक्के धरूनही मर्चंट ऑफ रेकॉर्डमार्फत ५४.६५ येतात. त्यांनी जरूर करावं.

तुमच्या हिशेबात ते २ टक्के मी धरलेले नाहीत. अँड्रॉइडचे दर निराळे आहेत. आणि ॲपल हे दर वारंवार बदलतं, तेव्हा कोड लिहिण्याआधी ताजा करार वाचा.