हेगचं कोर्ट आणि बाबांचा सवाल

प्रश्न : ताई, मी इंदूरला एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंटरनॅशनल लॉ घ्यायचं म्हटलं तर बाबा म्हणतात त्या हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टाचं कोणी ऐकतच नाही, त्यापेक्षा काकांच्या हाताखाली जिल्हा कोर्टात बस. काय करू?

उत्तर : बाबांचं अर्धं बरोबर आहे बरं का. हेगच्या कोर्टाकडे पोलीस नाहीत, निकाल नाही पाळला तर जायचं सिक्युरिटी कौन्सिलकडे आणि तिथे पाच देशांकडे व्हेटो, १९८६ ला निकाराग्वाच्या केसमध्ये अमेरिका हरली आणि पुढे कौन्सिलमधल्या ठरावाला तिनेच व्हेटो मारला, झालं!

पण कुलभूषण जाधवांची केस नीट वाच, पाकिस्तानने फाशी सुनावलेले आपले जाधव. २०१९ चा निकाल, १५ विरुद्ध १. सगळा मुद्दा १९६३ च्या व्हिएन्ना कराराचा, अटकेतल्या माणसाला आपल्या वकिलातीशी बोलू द्यायला हवं हा. आपण सुटका मागितली होती ती नाही मिळाली, पण फेरविचार होईपर्यंत फाशी थांबवा असं कोर्टाने सांगितलं आणि त्यासाठी पाकिस्तानला २०२१ मध्ये कायदा करावा लागला. म्हणजे ऐकतात, कुरकुरत का होईना. (भारताचे वकील हरीश साळवेंनी या केसची फी १ रुपया घेतली, हे मात्र बाबांना सांगू नकोस.)

पोटापाण्याचं म्हणशील तर आर्बिट्रेशन शीक, म्हणजे कोर्टाबाहेर लवादाकडून वाद मिटवणं. आपल्या इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यांचा माल परदेशात जातो, पैसे अडकले तर लवादाचा निकाल दुसऱ्या देशात लागू करून घ्यायला १९५८ चा न्यूयॉर्क करारच कामाला येतो. यूएनच्या साइटवर लेक्चर्स फुकट आहेत. आणि सुट्टीत काकांकडे बसच, ड्राफ्टिंग तिथेच येईल.