हार्डडिस्कचे पैसे मागू नका, माणसाचे दिवस मागा

"दोन हार्डडिस्क घेतल्या की झालं, डेटा जतनाला खर्चाचा वेगळा हेड कशाला?" उत्खननाच्या प्रस्तावावरचं तुमच्या समितीचं हे वाक्य वाचलं आणि आमची आठ वर्षांपूर्वीची बैठक जशीच्या तशी डोळ्यांसमोर आली. मी तेव्हा मान डोलावली होती. तीच चूक.

डिस्क बिघडली नाही हो. चार वर्षांनी एका विद्यार्थिनीला खापरांची आकडेवारी हवी होती, सगळ्या फाइल्स धडाधड उघडल्या. एक्सेलमध्ये एका रकान्यावर नुसतं 'एल'. बी ट्रेंचमध्ये, म्हणजे खोदलेल्या चरात, त्याचा अर्थ लेयर, मातीचा थर. सी ट्रेंचला तिसऱ्या आठवड्यात सुपरवायझर बदलला, त्याचा 'एल' म्हणजे लोकस, खोदकामातली एक ठरावीक जागा. फोटोंची नावं डीएससी_0417 छाप, फोटोत ठेवलेल्या माहितीच्या पाटीवरचा खडू उन्हात पांढराफटक. खुलासा फक्त साइट-रजिस्टरमध्ये, म्हणजे खोदकामाच्या नोंदवहीत, आणि ते रिपोर्टसाठी म्हणून एका कार्यालयात जमा. तीन खेटे घातले, दर वेळी नवं टेबल. शेवटच्या साहेबांनी विचारलं, "रिपोर्ट छापून आला ना? मग कच्चा माल कशाला हवाय?" रजिस्टर मिळालं नाही ते नाहीच.

म्हणून माझं मत (हिशेबाचे नियम संस्थेगणिक वेगळे, तुमच्या लेखा विभागाला आधी विचारा): डिस्क हा किरकोळ खर्च. खरा खर्च म्हणजे नोंदी लावणाऱ्या माणसाचे दिवस, आणि ते उत्खनन चालू असतानाच हवेत. नंतर सगळे पांगतात. प्रस्तावात 'दर आठवड्याला एक दिवस, एक सहायक' असं लिहा. 'इतर खर्च'मध्ये ढकलाल तर पहिली कात्री तिथेच लागेल.

'कोण वापरणार?' असं विचारतीलच. तेव्हा पुणे जिल्ह्यातलं इनामगाव सांगा, तिथं प्राचीन वस्ती सापडली. डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 तिथं खोदलं, अहवाल 1988 मध्ये आला. पण तिथल्या लहान मुलांच्या सांगाड्यांवर त्यानंतरही कित्येक वर्षं नवं संशोधन होत राहिलं, कारण हाडं आणि त्यांच्या नोंदी दोन्ही जागेवर होत्या. खोदलेला थर पुन्हा खोदता येत नाही, त्यामुळे नोंद गेली की पुरावाच गेला. आणि हाडं पेटीत पडून राहतात, फाइल तशी राहत नाही. दर काही वर्षांनी कुणीतरी ती उघडून नव्या स्वरूपात आणावी लागते.

परदेशातला दाखला हवाच असेल तर इंग्लंडमधल्या यॉर्कची आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिस, उत्खननांचा डिजिटल डेटा जपणारी संस्था. 1996 पासून चालू आहे. तिथं डेटा जमा करतानाच एकरकमी शुल्क घेतात, म्हणजे प्रकल्पाच्या बजेटातच ते बसतं. तिच्या उपयोगाचा 2013 मध्ये आर्थिक अभ्यासही झालाय. फक्त तिथले पौंड इथे रुपयांत गुणून समितीपुढे ठेवू नका, हसं होतं. आपल्याकडे तशी तयार खिडकी नाही, हेही प्रामाणिकपणे सांगा.

जाता जाता: तक्ते सीएसव्ही या साध्या फाइल-प्रकारात, फोटो टिफ या प्रकारात, आणि रकान्यांच्या अर्थाची एक साधी टेक्स्ट फाइल त्याच फोल्डरमध्ये. रजिस्टर कुठेही द्यायच्या आधी पानन् पान स्कॅन करा. पोच मिळाली तरी करा. माझ्याकडे पोच आहे, शिक्क्यासकट.

आमचा तो सुपरवायझर आता बँकेत आहे. फोन उचलतो, पण 'एल' कुठल्या तारखेपासून बदलला ते त्यालाही आठवत नाही.