वाचकांचे प्रश्न : दहा मीटरला कोणती रायफल, कोणता बोअर?

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची आहे. उन्हाळी शिबिरात एअर रायफल हाताळली आणि आता तिला स्वतःची हवी आहे. दुकानदार म्हणतो, ५.५ घ्या, जोर जास्त. काय करावं?
— एक पालक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ४.५ मिलिमीटर बोअरचीच घ्या; बोअर म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास. दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत हाच बोअर चालतो, ५.५ घेऊन ती स्पर्धेला उभीच राहू शकणार नाही. शिवाय २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ पेक्षा मोठ्या बोअरच्या किंवा २० जूलहून अधिक ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागतो. त्या मर्यादेतल्या रायफलला लागत नाही, दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतो. खरेदी तुमच्या नावावर करा, पावती जपून ठेवा.

जोराचा इथे काही उपयोग नाही. स्पर्धेच्या रायफलीतून साधारण ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने निघतो, म्हणजे ताकद आठ जूलच्या आतबाहेर. कागद फोडायला तेवढी पुष्कळ झाली. समोरचा दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. जोर वाढला की धक्का वाढतो आणि नेम तिथून सुटतो. छर्रे चपट्या तोंडाचेच आणा. ते कागदात गोल, स्वच्छ भोक पाडतात आणि गुण मोजता येतात. टोकदार छर्रा कागद फाडतो, मग नऊ की दहा हा वाद मिटत नाही.

पैसे खर्चायचे तर मापावर खर्चा. स्पर्धेच्या नियमात वजनाची कमाल मर्यादा ५.५ किलो आहे, पण तेरा वर्षांच्या खांद्यावर एवढं ओझं नको. चार किलोच्या आसपासची ज्युनिअर रायफल पाहा. दुकानातच दोन गोष्टी तपासा. दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवून तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज पोचतं का? नंतर डोळे मिटून, मान न वाकवता गाल दस्त्यावर टेकवायला सांगा आणि मग डोळे उघडायला. मागच्या साइटच्या भोकातून पुढची रिंग मधोमध दिसली तर दस्ता तिचा. ती मान ताणून शोधत असेल तर गालपट्टी वरखाली होते का ते बघा. होत नसेल तर ती रायफल सोडा, नाव कितीही मोठं असो.

प्रश्न : माझ्याकडे नळी मोडून भरायची स्प्रिंगची ४.५ रायफल आहे. कधी पाचही छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकतात, कधी दोन बोटं डावीकडे जातात. नळी वाकली का?
— एक वाचक, कराड

उत्तर : नळी वाकणं शेवटी धरा. आधी स्क्रू. दस्त्याचे स्क्रू स्प्रिंगच्या हादऱ्याने ढिले होतात. दर दोनशे छर्ऱ्यांनी हाताने कसा, पण लाकूड चिरेल इतके नको. नंतर नळी मोडून सोडा: आपल्या वजनाने खाली पडत असेल तर बिजागरीचा बोल्ट सैल झालाय. जिथे धराल तिथे ती थांबली पाहिजे.

दोन्ही ठीक असेल तर दोष पकडीत. पिस्टन पुढे धावतो तेव्हा छर्रा अजून नळीतच असतो आणि रायफल आधी मागे, मग पुढे हलते. घट्ट दाबून धराल तर प्रत्येक वेळी वेगळी हलेल. डाव्या तळव्यावर नुसती ठेवा, बोटांनी आवळू नका, आणि तळवा रोज एकाच जागी. दस्त्यावर पेन्सिलीची खूण करा. वाळूच्या पिशवीवर टेकवायची तरी मध्ये तळहात ठेवा.

छर्ऱ्यांचीही परीक्षा घ्या. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ अशी तोंडाची मापं असतात. प्रत्येकाचे पाच-पाच छर्रे, तीन-तीन कागदांवर मारा. ज्या डब्याची भोकं सगळ्यात जवळजवळ पडतील तोच पुढे घ्या. खालची कड चेपलेला छर्रा बाजूला काढा; भरकटणाऱ्या एकुलत्या एका छर्ऱ्याचं कारण बहुतेकदा तेच असतं.

छर्रा न घालता स्प्रिंगची रायफल कधीच झाडू नका. समोर हवेची गादी मिळत नाही, पिस्टन थेट आदळतो आणि सील जातं. सिलिंडरमध्ये तेलही सोडू नका. दाबलेल्या हवेत ते पेट घेतं, मोठा आवाज होतो आणि छर्रा भलतीकडे जातो. आणि छर्रे शिशाचे आहेत, हात धुतल्याशिवाय भाकरीला लावू नका.

प्रश्न : पीसीपी रायफलची टाकी गावात कुठून भरावी?
— एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : पीसीपी म्हणजे टाकीत आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल. टाकी भरा कोरड्या हवेच्या सिलिंडरवरून किंवा ओलावा शोषणारा फिल्टर असलेल्या हातपंपाने, टाकीवर लिहिलेल्या दाबापर्यंतच, स्पर्धेच्या रायफलींना तो बहुधा २०० बार असतो. वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन अजिबात नको, आतल्या ग्रीसशी त्याचा स्फोट होतो. टाकीवर मुदत छापलेली असते, ती संपली की टाकी बदला. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत ठेवू नका.

प्रश्न : २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसळेचं ५० मीटरचं कांस्यपदक पाहिलं. आमच्या द्राक्षबागेत ५० मीटर सरळ जागा आहे. पॉइंट टू टू रायफल घेऊन तिथेच सराव करता येईल?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : बागेत नाही. पॉइंट टू टू म्हणजे ०.२२ इंच बोअरची, दारूच्या काडतुसाची रायफल; तिची २.६ ग्रॅमची गोळी दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. द्राक्षाचा मांडव गोळीला अडवत नाही आणि पलीकडच्या वाटेवर कोण चाललंय ते तुम्हाला दिसत नाही. रायफलला जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना लागतो आणि सराव अधिकृत रेंजवरच करायचा.

गोळ्या निवडताना वेगवान नकोत. सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपासच्या, ध्वनीच्या वेगाखालच्या टार्गेट गोळ्या घ्या. त्याहून वेगवान गोळी वाटेत ध्वनीच्या वेगाखाली उतरते आणि तिथे डगमगते. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो, म्हणून आधी एक-एक खोका तपासा, आणि जमला तो लॉट वर्षभराचा एकदम घ्या.

तोवर घरी दहा मीटरला ४.५ ने उभं राहून सराव करा. लाकडी खोक्यात तिरपा लोखंडी पत्रा बसवा, खोक्याचं तोंड पुठ्ठ्याने झाका म्हणजे उलटलेला छर्रा आतच राहील. मागे पक्की भिंत, आणि बाजूने कुणी येईल असं दार नको, असलं तर आतून कडी. कागदाचा मध्य जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर लावा.