अळीपालनासाठी मुदत ठेव मोडावी का?

निफाड तालुक्यातील एका वाचकांकडे 600 गावरान कोंबड्या आणि थोडी द्राक्षबाग आहे. सोयाबीन पेंड परवडत नसल्याने, 7 टक्के व्याजाच्या 6 लाखांच्या मुदत ठेवीतून साडेचार लाख काढून ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांचे युनिट ड्रायरसह उभारावे का, असे त्यांनी विचारले आहे.

आपली कल्पना चांगली आहे. या वाळलेल्या अळीत साधारण 40 टक्के प्रथिने, भरपूर चरबी आणि कॅल्शियम असते, आणि युरोपीय संघानेही 2021 मध्ये कोंबडीखाद्यात कीटक-प्रथिनांना परवानगी दिली. माझी हरकत आहे ती रकमेला.

एका कोंबडीला दिवसाला 100 ग्रॅम खाद्य धरले, तर आपल्याला रोज 60 किलो लागते. त्यातला दहावा हिस्सा अळीचा करायचा म्हटले तर 6 किलो वाळलेली, म्हणजे 18 ते 20 किलो जिवंत अळी रोज हवी आणि तिला पोसायला शंभर किलोहून अधिक ओला कचरा रोज आणावा लागेल. पेंडीचा भाव किलोला 45 रुपये धरल्यास महिन्याला सुमारे 8,100 रुपये वाचतील. चरबीमुळे मक्यातही थोडी बचत होईल. परंतु कचरा आणणे, कॅरेट भरणे, अळी चाळून वेगळी करणे यासाठी अर्धवेळ गड्याला 6,000 रुपये दिले, तर हाती दोन-सव्वादोन हजार उरतात, आणि तेही ड्रायरची वीज व दुरुस्ती न धरता. तेच साडेचार लाख ठेवीत राहिले तर महिन्याला सुमारे 2,600 रुपये व्याज मिळते.

शिवाय ही माशी ऊब आणि ऊन मागते. अळीची वाढ 27 ते 30 अंशांत उत्तम होते आणि माश्यांच्या मिलनाला चांगला उजेड लागतो; निफाडची डिसेंबर-जानेवारीतली थंडी आपल्याला मी सांगायला नको. त्या दिवसांत माशीची अंडी मिळाली नाहीत, तर पेंड पुन्हा विकत घ्यावीच लागेल. कचऱ्याचीही निवड करावी लागते: फवारणी झालेल्या बागेतील टाकाऊ द्राक्षांमधल्या कीटकनाशकाने अळीच मरू शकते, आणि केवळ सडक्या कांद्यावर तिची वाढ रेंगाळते.

म्हणून ठेव मोडू नये. ड्रायर हा खर्चाचा मोठा भाग आहे आणि स्वतःच्या कोंबड्यांना जिवंत अळी घालायची असेल तर त्याची गरजच नाही. बचत खात्यातून तीस-चाळीस हजारांत शेडनेट, जुने कॅरेट आणि माशीची सुरुवातीची अंडी एवढेच घ्या, काम घरच्यांनीच करावे, उरलेले अळीखत बागेला घाला, त्याने खताचा खर्चही थोडा कमी होईल. विक्रेता ‘तयार माल आम्हीच घेऊ’ असे सांगत असेल, तर भाव, मुदत आणि माल नाकारण्याच्या अटी लेखी मिळाल्याशिवाय ते आश्वासन हिशेबात धरू नका.

एका खुराड्याला अळी आणि दुसऱ्याला नेहमीचे खाद्य देऊन, अंडी आणि पेंडीची पोती यांची नोंद एक पूर्ण हिवाळा ठेवावी. फेब्रुवारीअखेर आकडे अनुकूल दिसले आणि मोठे युनिट हवेच असेल, तर ठेव न मोडता तिच्यावर कर्ज घ्यावे. त्याचा दर बहुधा ठेवीच्या दराहून एक-दोन टक्क्यांनीच अधिक असतो आणि मुदतीआधी ठेव मोडण्याचा दंडही टळतो.